आरव्ही घेऊन निघालात आणि रात्र दुकानाच्या पार्किंगमध्ये काढायचीय, तर

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघून ७८ आणि मग ८१ नंबरच्या हायवेने टेनेसीतल्या स्मोकी माउंटन्सला जायचंय, भाड्याची २८ फुटी क्लास सी आरव्ही आहे (म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली मधल्या आकाराची घरगाडी), बरोबर नाशिकहून आलेले सासूसासरे आणि दोन मुलं. जाताना एक आणि येताना एक अशा दोन रात्री वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये काढल्या तर कॅम्पग्राउंडचे पैसे वाचतील, पण ते चालतं का, सेफ आहे का, आणि तिथे जागा नाही मिळाली तर ट्रक स्टॉपवर ट्रकांच्या रांगेत आरव्ही लावली तर कुणी काही म्हणेल का.

मी इथे सात वर्षं सेमी, म्हणजे मागे लांब ट्रेलर असलेला मोठा ट्रक, चालवलाय आणि त्यानंतर गेली नऊ वर्षं स्वतःच्या आरव्हीने बायकामुलांना घेऊन फिरतोय, त्यामुळे दुकानाच्या एकाच लॉटमध्ये, म्हणजे पार्किंगच्या मोकळ्या जागेत, दोन्ही बाजूंनी रात्र काढलेली आहे. त्याआधीचं सांगायचं तर माझे वडील सांगलीहून हळद भरून वाशी मार्केटला गाडी न्यायचे. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो. ते कधीही ढाब्यासमोर न विचारता गाडी लावायचे नाहीत, आधी उतरून मालकाला विचारायचे, मग जेवण, आणि जेवण झालं की बाज फुकट. जेवायचं नसेल तर निदान चहा तरी घ्यायचेच. इथे अमेरिकेत दुकानाच्या लॉटमध्ये झोपायची जी पद्धत आहे ना, ती मला तिथूनच कळली असं मी समजतो, कारण हिशोब अगदी तोच आहे. जागा दुसऱ्याची आहे, तो चांगुलपणाने देतोय, आणि आपण तिथे गिऱ्हाईक म्हणून आहोत.

आता "वॉलमार्टला चालतं" हे सगळेच सांगतात आणि ते अर्धंच खरं आहे. कंपनीचं म्हणणं असं आहे की आरव्हीवाल्यांना जमेल तिथे थांबू देतो, वीजपाणी काही देत नाही, पण परवानगी द्यायची का नाही ते त्या त्या स्टोअरचा मॅनेजर ठरवणार, जागा किती आहे आणि तिथले लोकल नियम काय आहेत ते बघून. म्हणजे परवानगी कंपनीची नसते, त्या एका लॉटची असते. एका गावात चालतं, २० मैलांवरच्या दुसऱ्या गावात तेच नाव, तोच बोर्ड, पण चालत नाही. कारण कधी गावाचाच नियम असतो की रात्री गाडीत झोपायचं नाही, मग मॅनेजर कितीही चांगला असला तरी त्याच्या हातात काही नसतं. कधी दुकान प्लाझामध्ये भाड्याने असतं आणि लॉट दुकानाचा नसतोच, जागामालकाचा असतो. आणि कधी नुसतंच असं की आधी येऊन गेलेल्यांनी एवढी घाण केलेली असते की मॅनेजर वैतागलेला असतो. त्यामुळे मी लॉटकडे बघताना तीन ठिकाणचं हो धरतो, गावाचं, जागामालकाचं आणि मॅनेजरचं, आणि बहुतेक वेळा तिन्ही एका फोनवर कळतात.

तो फोन कसा करायचा ते जरा सविस्तर सांगतो कारण इथेच बहुतेक लोक गडबडतात. रात्री नऊ वाजता थकून लॉटमध्ये शिरल्यावर नाही, दुपारी तीन-चारला करायचा, जेव्हा तुम्हाला कळलेलं असतं की आज आपण कुठपर्यंत पोचू. कस्टमर सर्व्हिसवर जो फोन उचलेल त्याला नाही विचारायचं, त्याला म्हणायचं की ड्युटीवरच्या मॅनेजरशी बोलायचंय. मग एका दमात सगळं सांगून टाकायचं: एक आरव्ही आहे, २८ फूट, फॅमिली आहे, रात्री आठपर्यंत येऊ, सकाळी सातला जाऊ, बाहेर काही मांडणार नाही, चालेल का? हो म्हणाले की लगेच दुसरा प्रश्न, कुठे लावू? हा दुसरा प्रश्न फार कामाचा आहे. "त्या गार्डन सेंटरच्या बाजूला, कडेच्या रांगेत लावा" असं ज्याने सांगितलं त्याने मनापासून हो म्हटलंय. मग त्यांचं नाव विचारायचं आणि कागदावर नाव, वेळ लिहून ठेवायचं. येईपर्यंत शिफ्ट बदललेली असते, म्हणून पोचल्यावर आत जाऊन परत एकदा सांगायचं की दुपारी अमुक यांच्याशी बोलणं झालंय. २०२० पासून बहुतेक वॉलमार्ट रात्रभर उघडे नसतात, साधारण सकाळी ६ ते रात्री ११ असतात, त्यामुळे अकराच्या नंतर पोचलात तर विचारायला कुणी भेटणार नाही आणि आतलं बाथरूमही मिळणार नाही. सासूसासरे बरोबर असताना हे बाथरूमचं गणित आधीच करून ठेवा.

आणि मॅनेजर हो म्हणाला पण लॉटमध्ये "ओव्हरनाइट पार्किंग नाही, टो करू" असा बोर्ड दिसला तर? माझ्या मते बोर्डाचं ऐकायचं. कारण टोइंगवाला फोनवरचं बोलणं बघत नाही, बोर्ड बघतो. असे बोर्ड खूपदा जागामालकाने नाहीतर गावाने लावलेले असतात आणि नव्या मॅनेजरला त्याची कल्पनाच नसते. आत जाऊन त्यांना बोर्डाबद्दल सरळ विचारा, ते जरा जरी घुटमळले तरी पुढे निघा.

माझ्यावर एकदा वेळ आली होती, दुकानाचं नाव लिहीत नाही. दुपारी फोनवर कुणीतरी "शुअर" म्हटलं, मी नाव विचारलं नाही, पोचल्यावर आत गेलो नाही कारण मुलगी तापाने फणफणलेली होती आणि आम्हाला फक्त झोपायचं होतं. रात्री १ वाजून ४० मिनिटांनी दारावर टॉर्च आपटल्याचा आवाज. सिक्युरिटीवाला होता, उद्धट वगैरे अजिबात नव्हता, पण त्याच्या यादीत आमचं काही नव्हतं आणि त्याला सांगायला माझ्याकडे एक नावसुद्धा नव्हतं. तापातली पोर मांडीवर घेऊन बायको मागे बसली आणि मी २२ मैल पुढे जाऊन गाडी लावली. त्या दिवसापासून कागदावर नाव लिहिल्याशिवाय मी इंजिन बंद करत नाही.

सेफ आहे का, याचं उत्तर लॉटमध्ये शिरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मिळतं. इंजिन चालू ठेवून एक पूर्ण चक्कर मारा. अजून एकदोन आरव्ही आहेत का, लाइटचे खांब चालू आहेत का, जमिनीवर गाडीच्या काचांचा चुरा पडलाय का (हा चुरा मी सगळ्यात आधी बघतो, तो दिसला की थांबत नाही), कोपऱ्यात पोरं गाड्या घेऊन जमलीयत का. आणि गाडीतल्या कुणालाही, अगदी सासूबाईंना जरी, "इथे नको बाई" वाटलं तर वाद घालायचा नाही, निघायचं. हायवेच्या एक्झिटपासून मैल-दोन मैलांवरचा, छोट्या गावातला लॉट मला मोठ्या शहराच्या मधल्या लॉटपेक्षा नेहमी बरा वाटलाय.

लावायची कुठे? दुकानाच्या दारापासून लांब, पण दुकानाच्या मागे नाही. मागे माल उतरवायचे डॉक असतात, पहाटे तीन-चारला ट्रक येतात, त्यांना रिव्हर्सला सगळी जागा लागते आणि तिथे तुमची आरव्ही असली म्हणजे तो बिचारा अडकला. अगदी खांबाखालीही नको, उजेडाने झोप लागत नाही, दोन खांबांच्या मधे लावा. तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून लावा म्हणजे रात्री निघायची वेळ आली तर रिव्हर्स करायला लागणार नाही. क्लास सीची मागची बाजू मागच्या चाकांच्याही मागे बरीच लांब बाहेर असते, वळताना ती उलट्या दिशेला फिरते आणि शेजारच्या खांबाला नाहीतर कार्टच्या कठड्याला मागचा कोपरा लागतो, भाड्याच्या गाड्यांचं बहुतेक नुकसान मी तिथेच बघितलंय. उंची साधारण १२ फूट धरा आणि झाडाच्या फांद्या, ड्राइव्ह-थ्रूची छपरं यांपासून लांब राहा. एक ग्लासभर पाणी ओट्यावर ठेवून बघा गाडी किती तिरकी आहे ते. थोडा उतार असेल तर डोकं चढाकडे येईल अशी लावा. आणि गॅसवर चालणारा जुना फ्रिज असेल तर त्याला तिरकं उभं राहणं मानवत नाही, तो नीट थंड करत नाही. सासूबाईंचं इन्शुलिन त्यातच ठेवणार असाल तर हे नक्की बघा.

तीन वाजता एक भयंकर आवाज येईल, घाबरू नका, तो लॉट झाडणारा स्वीपर ट्रक असतो. तुमच्याभोवती दोन फेऱ्या मारून जातो.

बाहेर काही मांडायचं नाही म्हणजे खरंच काही नाही. खुर्च्या नाहीत, छत उघडायचं नाही, शेगडी नाही, शक्यतो स्लाइडआउट (गाडीच्या भिंतीचा बाहेर सरकणारा भाग) बाहेर काढायचा नाही, साडी आरशाला बांधून वाळत घालायची नाही (आमच्या आईने घातली होती, तिला बिचारीला काय माहीत). तुम्ही तिथे झोपायला थांबलाय, कॅम्पिंगला नाही, हे बाहेरून बघणाऱ्याला कळलं पाहिजे. सांडपाण्याचा एक थेंबही खाली सोडायचा नाही, भांडी धुतलेलं पाणीसुद्धा नाही, ते टाकीत राहू दे आणि दुसऱ्या दिवशी डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या ठरलेल्या जागी. आणि खरेदी करा. दूध, दही, केळी, मुलांचे डायपर, जे तुम्हाला तसंही लागणारच आहे ते तिथूनच घ्या. मी पावती काचेजवळ ठेवतो. कायद्याने तिला काही अर्थ नाही पण सिक्युरिटीवाल्याने टॉर्च मारला की त्याला कळतं आपण गिऱ्हाईक आहोत.

गाडी टेकवायचे जॅक लॉटमध्ये वापरू नका. याचं कारण मी ट्रकमध्ये असताना डोळ्यांनी बघितलंय आणि दुकानवाले ट्रकला नाही का म्हणतात तेही त्यातच आलं. ओक्लाहोमात जुलै महिना, दुपारी डांबर एवढं मऊ झालेलं की बुटाच्या टाचेचा ठसा उमटत होता. एका दुकानाच्या लॉटमध्ये मी ट्रेलर सोडायला त्याचे पुढचे दोन पाय खाली टेकवले, खाली फळी घातली नाही. तासाभराने आलो तर दोन्ही पाय जवळजवळ दोन इंच आत गेलेले आणि बाजूचं डांबर पोळीच्या कडेसारखं फुगून वर आलेलं. दुकानाचे लॉट कारसाठी बांधलेले असतात, खालचा थर पातळ असतो, आणि भरलेला सेमी ८०,००० पौंडांपर्यंत म्हणजे ३६ टनांच्या आसपास असतो. तो एकाच जागी चाकं वळवून फिरला तरी डांबर पिळून निघतं. दुरुस्तीचा खर्च दुकानाच्या डोक्यावर. त्यात भर म्हणजे काही ड्रायव्हर लघवीच्या बाटल्या टाकून जातात, रात्रभर रीफरचं (थंड माल नेणाऱ्या ट्रेलरचं) मशीन घरघरत राहतं आणि मागच्या घरांतले लोक तक्रार करतात. म्हणून आज खूप दुकानांत आरव्हीला हो आणि ट्रकला नाही असं असतं, आणि काहींनी वैतागून दोघांनाही बंद केलंय.

आता तुमचा तिसरा प्रश्न, ट्रक स्टॉपवर ट्रकच्या रांगेत लावली तर चालेल का. चालणार नाही, आणि माझी कळकळीची विनंती आहे की लावू नका. कुणी हटकणार नाही कदाचित, पण बघा तिथे काय होतं. ट्रकवाल्याला सलग १० तास विश्रांती घेतल्यावर ड्युटी सुरू झाली की पुढच्या १४ तासांतच गाडी चालवता येते, त्यात स्टिअरिंगवर जास्तीत जास्त ११ तास. वेअरहाउसच्या दारात चार तास थांबायला लावलं तरी ते चार तास साधारण त्या १४ तासांतूनच जातात, घड्याळ थांबत नाही. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकना ईएलडी, म्हणजे ड्युटीचे तास नोंदवणारं मशीन लागलंय, त्यात मिनिटामिनिटाची नोंद होते, पूर्वीसारखं वहीत थोडं इकडेतिकडे करता येत नाही. आणि हे नियम बरोबरच आहेत, झोप न झालेला ड्रायव्हर ३६ टन घेऊन तुमच्या मुलांच्या शेजारून जाऊ नये यासाठीच आहेत. पण त्याचा अर्थ असा की रात्री आठ-साडेआठला त्याच्याकडे ४० मिनिटं उरलेली असतात आणि ट्रक स्टॉप भरलेला असतो. तुमच्याकडे दहा पर्याय आहेत. त्याला सत्तर फुटांची जागा लागते, दुसरं काही चालत नाही. तुमची २८ फुटी गाडी त्याच्या जागेत उभी असली की तो हायवेच्या रॅम्पच्या कडेला अंधारात थांबतो, नाहीतर एखाद्या बंद पडलेल्या जागेत.

तशा बंद जागेत काय होतं ते इथल्या प्रत्येक ट्रक ड्रायव्हरला माहीत आहे. मार्च २००९ मध्ये जेसन रिव्हनबर्ग नावाचा ३५ वर्षांचा ड्रायव्हर साउथ कॅरोलायनात दुधाची डिलिव्हरी घेऊन चालला होता, वेळेच्या आधी पोचला, आत घेत नव्हते, म्हणून जवळच्या बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर गाडी लावून थांबला. तिथे त्याला गोळ्या घालून लुटलं. हाती लागले ७ डॉलर. घरी बायकोला जुळी होणार होती. त्या बाईने, होप रिव्हनबर्ग यांनी, ट्रकांना सुरक्षित पार्किंग मिळावं म्हणून पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये त्याच्या नावाने जेसन्स लॉ झाला. त्या कायद्याप्रमाणे राज्याराज्यांत पार्किंगचा आढावा घेतात. पहिल्या सर्व्हेत ७५ टक्क्यांहून जास्त ड्रायव्हर म्हणाले की सुरक्षित जागा मिळायला नेहमी त्रास होतो, २०१९ च्या सर्व्हेत तेच ९८ टक्के म्हणाले. मी स्वतः एकदा पेनसिल्व्हेनियात कार्लाइलजवळ तीन ट्रक स्टॉप फिरून शेवटी रॅम्पवर थांबलोय, दर गाडी गेली की केबिन हलत होती, आणि तिसऱ्या ट्रक स्टॉपवर ट्रकच्या जागेत एक आरव्ही छत उघडून उभी होती ती मला अजून दिसते.

म्हणून ट्रक स्टॉपवर जायचंच असेल तर आरव्हीसाठी वेगळी आखलेली जागा असते तिथे जा. पायलट, फ्लाइंग जे आणि लव्ह्ज या ट्रक स्टॉपच्या कंपन्या. पायलट, फ्लाइंग जे मध्ये काही ठिकाणी आरव्हीच्या वेगळ्या लेन आणि डंप स्टेशन असतं, लव्ह्जने बऱ्याच ठिकाणी वीजपाण्यासकट आरव्हीच्या जागा केल्यात, त्या आधी बुक करता येतात. नाहीतर कारच्या बाजूला, काउंटरवर विचारून. क्रॅकर बॅरल ही हायवेलगतची रेस्टॉरंटं हा अजून एक चांगला पर्याय, बऱ्याच क्रॅकर बॅरलच्या मागच्या बाजूला बस-आरव्हीसाठी लांब जागा आखलेल्या असतात, मॅनेजरला विचारलं तर पुष्कळदा रात्री थांबू देतात, आणि सकाळी तिथेच नाश्ता करता येतो. सासूसासऱ्यांना त्यातलं काय चालेल माहीत नाही, पण बिस्किट, बटाटे आणि अंडी खात असतील तर अंडी, एवढं मिळतं.

रेस्ट एरियाचं राज्यागणिक बदलतं, हे पक्कं लक्षात ठेवा. टेक्सासमध्ये २४ तास थांबता येतं, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यात ८ तास, फ्लोरिडात आपल्यासारख्यांना ३ तास. आणि तुमचा सगळ्यात लांब पट्टा ज्या व्हर्जिनियातून जातो, तिथे रेस्ट एरियात २ तासांच्या वर नाही, रात्र काढायची नाही. ८१ व्हर्जिनियात जवळपास ३२५ मैल आहे, म्हणजे झोप नेमकी तिथेच येणार आणि रेस्ट एरिया नेमका तिथेच चालणार नाही. तासभर डुलकी घ्यायला, पाय मोकळे करायला मात्र जरूर थांबा.

थंडी-उन्हाचं काय, यावर बरंच अवलंबून आहे आणि तुम्ही ऑक्टोबरला जाताय म्हणून मी लॉटला हो म्हणतोय. जुलै असता आणि सत्तरीचे सासरे बरोबर असते तर सरळ सांगितलं असतं की वीज असलेलं कॅम्पग्राउंड घ्या, कारण भाड्याच्या गाडीच्या बॅटरीवर एसी चालत नाही, जनरेटर लावावा लागतो, आणि जनरेटर लावून झोपायचं नाही. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. जनरेटरचा धूर गाडीच्या खालूनच निघतो, वारा नसला की गाडीखाली साठतो, फटीतून आत येतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला कळतच नाही. तुमचा बंद असला तरी शेजारच्या आरव्हीचा चालू असेल आणि त्याचा धूर तुमच्या खिडकीकडे येत असेल तर जागा बदला. गाडी ताब्यात घेतानाच त्या माणसासमोर कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टरचं टेस्ट बटण दाबा, वाजला पाहिजे, आणि त्याच्या मागची तारीख बघा, संपलेली असेल तर बदलून घेतल्याशिवाय गाडी हलवू नका. ऑक्टोबरात व्हर्जिनियाच्या डोंगरात रात्री चांगलाच गारठा पडतो, तेव्हा गॅसवरचा हीटर लागेल. त्याचा पंखा बॅटरीवर चालतो. त्यामुळे संध्याकाळी बॅटरी पूर्ण भरलेली पाहिजे, दिवसभर ड्राइव्ह केलं असेल तर भरलेली असतेच. बॅटरीचा आकडा झोपताना १२.६ व्होल्टच्या आसपास असला की मी निश्चिंत असतो. हीटर कमीवर ठेवा, रजया जास्त घ्या. सासऱ्यांना सीपॅप (झोपेत श्वासासाठी लावायचं) मशीन असेल तर भाड्याच्या गाडीत इन्व्हर्टर आहे का ते आजच विचारा, नसेल तर दोन्ही रात्री हूकअपवाल्या, म्हणजे वीजपाण्याची जोडणी असलेल्या जागी काढा, त्यात तडजोड नको. आणि फोडणी द्यायची तर वरचा पंखा चालू करून आणि खिडकी उघडून, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत स्मोक अलार्म बोंबलतो आणि अख्खा लॉट जागा होतो. आम्ही लॉटच्या रात्री थेपले, दही आणि लसणाची चटणी एवढंच ठेवतो.

अजून एक. लॉटमध्ये रात्री जो गाडी चालवणार आहे त्याने दारूचा एक घोटही घ्यायचा नाही. कधीही उठवून निघा म्हणू शकतात आणि तेव्हा तुम्हाला ड्राइव्ह करता आलं पाहिजे. चावी एकाच ठरलेल्या खुंटीला, ड्रायव्हरच्या सीटवर सामान नाही, पुढचे पडदे दोन हातांत निघतील असे. पोलीस आले तर दार उघडत बसू नका, खिडकी खाली करा, मॅनेजरचं नाव सांगा, जा म्हणाले तर हो म्हणून जा. सासूसासऱ्यांचे पासपोर्ट हाताशी असू देत.

थोडक्यात माझं मत असं: जाताना लॉट करा, येताना हवं तर कॅम्पग्राउंड घ्या, कारण दोन-तीन दिवसांनी टाक्या भरतात, अंघोळी लागतात, आणि म्हातारी माणसं चौथ्या दिवशी थकतात. साधारण ५० ते ८० डॉलर जातील, त्या रात्री ते वसूल होतात.

जातानाचं गणित सांगतो. एडिसनहून स्मोकीच्या पायथ्याचं गॅटलिनबर्ग ७०० मैलांच्या आसपास, आरव्हीला दिवसात ३०० ते ३५० मैलांवर नेऊ नका, ८१ वर ट्रक खूप आणि चढउतारही आहेत. सकाळी नऊला निघालात तर हॅमबर्गला, पेनसिल्व्हेनियात ७८ ला लागूनच, कबेलाजचं शिकार-मासेमारीच्या सामानाचं प्रचंड मोठं दुकान आहे, तिथे मुलं आणि सासरे दोघंही रमतील, आत भुसा भरलेले खरे प्राणी मांडलेत. तास-दीड तास तिथे घालवा. तिथून पुढे हॅरिसनबर्ग नाहीतर स्टॉन्टनच्या आसपास पहिली रात्र, म्हणजे व्हर्जिनियाचा पाऊण पट्टा दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी. निघायच्या आदल्या दिवशीच त्या भागातली तीन-चार स्टोअर आणि एखादं क्रॅकर बॅरल यांचे नंबर लिहून ठेवा, दुपारी वरपासून खाली फोन लावत या. व्हर्जिनियात पुढे विथव्हिलला एक गंमत आहे, तिथे ८१ आणि ७७ काही मैल एकच रस्ता आहे आणि बोर्डावर एकाच वेळी ८१ दक्षिण आणि ७७ उत्तर लिहिलेलं असतं, गोंधळून लेन बदलू नका, ८१ दक्षिणच बघत राहा.

आणि येताना मुलांना वॉशिंग्टन डीसी दाखवून ९५ नंबरच्या हायवेने घरी यायचा विचार असेल तर बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांत तुमच्या आरव्हीचा गॅस चालणार नाही, १० पौंडांवरचा प्रोपेनचा सिलेंडर तिथे मना आहे. पूर्वी तिथल्याच की ब्रिज नावाच्या पुलावरून जायचो, तो मार्च २०२४ मध्ये जहाज धडकून पडला, त्यामुळे ६९५ ने पश्चिमेच्या बाजूने शहराला वळसा घालून यायचं. मॅप तुम्हाला बोगद्यातच घालेल, ऐकू नका.

सासरे पहाटे साडेचारला उठून फिरायला जातात असं तुम्ही लिहिलंय, त्यांना एवढं सांगा की उजाडेपर्यंत आरव्हीच्या दाराजवळच थांबा. अंधारात माल घेऊन आलेला ट्रक रिव्हर्स येत असतो आणि ड्रायव्हरला त्याच्या ट्रेलरच्या मागचं काहीही, अगदी काहीही दिसत नाही. स्वेटर-मफलरच्या वरून पांढरा शर्ट घालायला सांगा. सहाला दुकान उघडलं की त्यांना आत घेऊन जा, आत सपाट, उबदार, भरपूर लांब रांगा असतात, मी माझ्या वडिलांना तिथेच फिरवायचो, आठ फेऱ्यांत त्यांचा कोटा पुरा व्हायचा. तोवर तुम्ही गाडीभोवती एक चक्कर मारून दुसऱ्यांचाही पडलेला कचरा उचलून डब्यात टाका, मॅनेजर दिसले तर थँक्यू म्हणा, आणि सातच्या आत चाकं हलू देत.